लाईन गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

2006 च्या जूनमध्ये मी यवतमाळहून नवी मुंबईतल्या घणसोलीत आलो. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी खोलीतला पंखा थांबला, म्हणून खिडकीतून शेजारच्या काकूंना हाक मारून विचारलं, "लाईन गेली का हो?" काकूंचा मुलगा रोज ठाण्याला कामाला जायचा. त्यांनी लाटणं तिथंच टाकलं आणि बातम्या बघायला टीव्हीकडे धावल्या. टीव्ही अर्थातच लागला नाही, त्यामुळे त्या जास्तच घाबरल्या. गाड्या बंद पडल्या नाहीत, नुसती वीज गेलीय, हे दोघांच्या डोक्यात शिरेपर्यंत पोळी करपली होती.

गावाकडून नवीन येणाऱ्यांना मी आधी घरभाड्याबद्दल सांगत नाही, या एका शब्दाबद्दल सांगतो.

आपल्याकडे लाईन म्हणजे वीज. लाईन आली की मोटर सुरू करायची, रात्रीची लाईन असली की टॉर्च घेऊन ओलिताला जायचं. खांबावर चढतो तो लाईनमन, आणि त्याचं घर अख्ख्या गावाला ठाऊक. इथं वीज गेली की "लाईट गेली" म्हणतात, भर दुपारी, घरात एकही दिवा लागलेला नसतानासुद्धा. लाईनमन कुणाच्या ओळखीचा नसतो. महावितरणच्या 1912 वर फोन लावायचा आणि ग्राहक क्रमांक सांगायचा. तो बिलावर असतो आणि बिल घरमालकाकडे असतं, म्हणून राहायला आल्याच्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवा.

माझ्या मते फरक इतकाच की आपल्या गावात हा शब्द विजेच्या खांबावरून उतरला आणि इथं रुळांवरून आला. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला धावली, 34 किलोमीटर. त्यामुळे इकडच्या माणसाच्या खापरपणजोबांपासून लाईन म्हणजे रेल्वे. शब्दाचं खरं मूळ मात्र खांबावरही नाही आणि रुळावरही नाही, ते शेतात आहे. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. त्याच्या धाग्याचा दोरा तो ‘लिनिआ’, आणि त्यावरून इंग्रजी लाईन. हो, तेच जवस, ज्याची चटणी आईनं तुमच्या डब्यात बांधून दिलीय. दोरा ताणला की रेघ मिळाली, रेघेवर माणसं उभी केली की रांग झाली, मग बराकींची ओळ, रूळ, तार, फोन, धंदा, सगळं त्याच दोऱ्यात ओवलं गेलं. नागपूरच्या सिव्हिल लाईन्स त्यातल्याच.

आता कामाच्या ठिकाणी. रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "कुठल्या लाईनला?" आपल्याकडे हा प्रश्न मुलीचा बाप विचारतो आणि त्याचं उत्तर धंदा असतं. मी म्हणालो, "मेकॅनिकल, डिप्लोमा." ते म्हणाले, "ते कागदावर दिसतंय, राहता कुठे?" पाच मिनिटांनी तेच साहेब म्हणाले, "जा, लाईनवर उभे राहा." आता ही कुठली? पॅकिंगची लाईन. कारखान्यात माल ज्या पट्ट्यावरून सरकतो ती लाईन, आणि "लाईन बंद आहे" म्हणजे मशीन थांबलंय, घरी जायचं नाही. एका दिवसात तीन लाईनी, जेवणाची चौथी.

तर "कुठल्या लाईनला" याचं उत्तर तयार ठेवा. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे हे ट्रान्स-हार्बर. वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेल म्हटलं की हार्बर. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही मेन लाईन. नेरूळ-बेलापूरहून खारकोपरला जाणारी 2018 मध्ये सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये ती उरणपर्यंत पोचली. ती उरण लाईन. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर 2023 पासून चालते, कागदावर तीही ‘लाईन नंबर एक’ आहे, पण बोलताना तिला कुणी लाईन म्हणत नाही, नुसतं मेट्रो. मेट्रोला अजून तो मान मिळायचाय.

ट्रान्स-हार्बर 2004 मध्ये सुरू झाली. ठाण्यात तिच्या गाड्या नऊ-दहा नंबरकडून सुटतात. इथं नवखा माणूस हमखास फसतो, कारण ही लाईन तुर्भ्याला फुटते. एक फाटा सानपाड्यावरून वाशीला जातो, दुसरा जुईनगर, नेरूळवरून पनवेलकडे. गाडी लागली म्हणून धावत चढू नका, आधी इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन वाचा. नेरूळला जायचंय आणि वाशी गाडीत बसलात तर तुर्भ्याला उतरून मागची पनवेल गाडी धरा. डोळा लागून सानपाड्याला पोचलात तरी घाबरू नका, तिथून हार्बरची पनवेलकडे जाणारी गाडी मिळते. तिकीट मात्र योग्य स्टेशनचं हवं.

रूळ ओलांडू नका. जिना लांब आहे, गाडी समोर उभी आहे, हे सगळं खरं. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो पकडला गेलेल्यांसाठी. न पकडले गेलेल्यांचं काय होतं ते मी घणसोलीच्या फलाटावरून एकदा पाहिलंय. त्यावर इथं लिहीत नाही.

खोली बघताना दोन लाईनी विचारा. गॅसची लाईन आहे की सिलिंडर? पाणी लाईनचं की टँकरचं? नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, तरी गावठाणातल्या काही इमारतींत नळाला पाणी किती वेळ येतं हे एजंट सांगणार नाही. तळमजल्यावरच्या बाईला विचारा. ती सांगते.

रांगेलाही लाईनच म्हणतात, ‘रांग’ फक्त पाटीवर असते. शेअर रिक्षाच्या स्टँडवर पोचलात की उभं राहण्याआधी शेवटच्या माणसाला विचारायचं, "हीच लाईन का?" कारण दोन रांगा शेजारी शेजारी असतात आणि चुकीच्या रांगेत पंधरा मिनिटं गेल्यावर कुणी हळहळत नाही. मध्येच घुसलात तर "लायनीत या" असं मागून ऐकू येईल. त्यात राग कमी असतो, सवय जास्त. गुमान मागे जायचं.

लाईन मारण्याबद्दल मी काही सांगायची गरज नाही, ती गावाकडेही तशीच मारतात. "लाईन क्लिअर" म्हणजे पुढच्या टप्प्यात गाडी सोडायला परवानगी, हा मूळ रेल्वेचा शब्द. कॉलेजातली पोरं तो कशासाठी वापरतात ते तुम्हाला माहीत आहे. हे मात्र घरमालकासमोर बोलू नका, विशेषतः त्याला मुलगी असेल तर.

पहिल्यांदा आई-वडिलांना आणाल तेव्हा रविवार टाळा, त्या दिवशी बहुधा कुठल्या ना कुठल्या लाईनवर मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद. आणायचंच असेल तर शनिवारी वेळापत्रक बघून घ्या. माझे वडील रविवारीच आले. कुर्ल्याला दीड तास बसून राहिले. घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढली, वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लाईन तर हाय ना बे, मग गाडी काऊन बंद होती?"