पोरगं कॅचर व्हायचं म्हणतंय? मग आधी बस्टर पोझी कसा घडला ते वाचा

लिटल लीगच्या (लहान मुलांची बेसबॉल लीग) ट्रायआउटचे, म्हणजे निवडीचे, दिवस आले की इथे बे एरियातल्या आपल्या मराठी ग्रुपवर हा प्रश्न ठरलेला असतो. मुलगा किंवा मुलगी कॅचर (बॅटरच्या मागे, होम प्लेटपाशी बसून बॉल घेणारा) व्हायचं म्हणतेय, आम्हाला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, आत्तापासून स्पेशल कोचिंग लावू का? माझा मुलगा गेली काही वर्षं प्लेटमागे बसतोय, आणि मी स्वतः शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळलोय, त्यामुळे लोक मला विचारतात आणि मी प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगतो, म्हणून आता एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय. आणि सांगताना मी दर वेळी एकाच माणसाचं उदाहरण देतो, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा बस्टर पोझी. आपल्या गावचा म्हणून नाही, तर आपल्याकडे जी एक घाई असते ना, की सहाव्या वर्षी ठरवा आणि दहाव्या वर्षी क्लास लावा, तिच्या बरोब्बर उलटा त्याचा रस्ता आहे.

जन्म २७ मार्च १९८७, जॉर्जिया राज्यातलं लीसबर्ग, छोटंसं गाव. खरं नाव जेराल्ड डेम्पसी पोझी तिसरा, बस्टर हे मुळात वडलांचं लहानपणीचं टोपणनाव, तेच पोराला चिकटलं. ली काउंटी हायस्कूलमध्ये तो काय खेळायचा? पिचर (बॉल टाकणारा) आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर). कॅचर नाही! शाळेत स्टार होता, २००५ च्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, टीम फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात तो) एंजल्स टीमने त्याला पन्नासाव्या फेरीत घेतलं. तेव्हा ड्राफ्टला पन्नास फेऱ्या असायच्या (आता वीसच आहेत), म्हणजे अगदी शेवटच्या फेरीत नाव आलं. त्याने सही केली नाही, फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत गेला. कॉलेजला जाणं म्हणजे करिअर तीन वर्षं लांबणीवर पडणं असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे जरा थांबावं, कारण खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

२००६ मध्ये पहिल्या वर्षी तो तिथे शॉर्टस्टॉपला खेळला, टीमच्या सगळ्या सामन्यांत. चांगला चाललेला पोरगा. आणि दुसऱ्या वर्षी कोचेसनी त्याला सांगितलं, तू कॅचर हो. हेड कोच होते माइक मार्टिन, कॉलेज बेसबॉलमधलं फार मोठं नाव. विचार करा, वय एकोणीस-वीस, आपली जागा पक्की आहे, आणि तुम्हाला सांगतायत की आता मास्क, चेस्ट प्रोटेक्टर, शिन गार्ड घालून उकिडवा बस आणि ताशी दीडशे किलोमीटरने येणारा बॉल अंगावर घे. तो बसला. २००७ ला पहिल्यांदा पूर्ण सीझन कॅचर म्हणून खेळला, आणि २००८ ला त्याची बॅटिंग ॲव्हरेज होती .४६३ (म्हणजे शंभरात साधारण ४६ वेळा हिट), २६ होम रन, ९३ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन), कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचं गोल्डन स्पाइक्स अवॉर्ड. त्यातून अधूनमधून क्लोझर (मॅच संपवायला शेवटी येणारा पिचर) म्हणून पिचिंगही करायचा. मे २००८ मध्ये सॅव्हाना स्टेटविरुद्ध तर एकाच मॅचमध्ये नऊच्या नऊ पोझिशन खेळला आणि वर ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन) मारला. हे सगळं थोडं मजेमजेत झालं असेल, पण मला त्यात एक गोष्ट दिसते, की ज्याला सगळ्या जागांवरून खेळ कसा दिसतो ते माहीत आहे तोच कॅचर म्हणून पुढे गेला.

आता ज्यांना कॅचर नक्की काय करतो हे माहीत नाही त्यांच्यासाठी. आपण लगेच म्हणतो विकेटकीपर. बसण्याची जागा तीच, पण कीपरला बॉलर काय टाकणार हे ठरवायचं नसतं. कॅचर जवळजवळ प्रत्येक बॉलला पिचरला सुचवतो, फास्टबॉल का स्लायडर का चेंजअप, आत का बाहेर. पूर्वी दोन पायांच्या मध्ये बोटं दाखवून, आणि २०२२ पासून मेजर लीगमध्ये पिचकॉम नावाच्या बटणांच्या यंत्रावरून. शिवाय नऊ जणांत मैदानाकडे तोंड करून बसलेला तो एकटाच, बाकी सगळे त्याच्याकडे बघत उभे. म्हणून कुठे थ्रो करायचा हे ओरडून सांगायचं काम त्याचं. मग बॉल टप्पा पडून आला तर छातीने अडवायचा, पकडायचा नाही, अडवायचा, हे लहान मुलांना समजायला फार वेळ लागतो कारण हात आपोआप पुढे जातो. आणि फ्रेमिंग, म्हणजे स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरचा चौकोन, त्यातून गेलेला बॉल स्ट्राइक) काठावरचा बॉल मिट, म्हणजे कॅचरचा जाड ग्लोव्ह, न हलवता असा घ्यायचा की अंपायरला तो स्ट्राइक वाटावा. पोझी ह्यात जबरदस्त होता, हात एकदम शांत.

शॉर्टस्टॉपची वर्षं वाया गेली का मग? अजिबात नाही. रनर दुसरा बेस चोरायला पळाला की कॅचरचा एक आकडा मोजतात, पॉप टाइम, बॉल मिटला लागल्यापासून सेकंड बेसवरच्या माणसाच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंतचा वेळ. मेजर लीगमध्ये साधारण दोन सेकंद, १.९ असेल तर फारच भारी. ह्या दोन सेकंदांत हाताची ताकद लोकांना दिसते पण अर्धं काम पायांचं आणि मिटमधून बॉल पटकन उजव्या हातात घेण्याचं असतं, आणि शॉर्टस्टॉप आयुष्यभर तेच करत असतो. म्हणून मी सांगतो, दहा-अकरा वर्षांच्या पोराला फक्त कॅचर नका करू. इनफिल्ड खेळू दे, थोडं पिचिंगही करू दे, फक्त हात सांभाळा. लिटल लीगचा नियमच आहे, चार किंवा जास्त इनिंग कॅचिंग केलं तर त्या दिवशी पिचिंग नाही, आणि ४१ किंवा जास्त पिच टाकले तर त्या दिवशी पुढे कॅचिंग नाही. कोचच्या लक्षात राहतं असं धरून चालू नका, आई-बापांनी स्वतः मोजा.

हां, उलटं उदाहरणही आहे, नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगेलच. सिॲटल मरिनर्सचा कॅल रॅली, ज्याने २०२५ मध्ये ६० होम रन मारले, कॅचरने कधीच एवढे मारले नव्हते, त्याचे वडील स्वतः कॉलेजचे कोच, त्यामुळे तो बेसबॉलच्या मैदानावरच वाढला. घरात कोच असेल तर गोष्ट वेगळी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात क्रिकेट आहे.

परत पोझीकडे. २००८ च्या ड्राफ्टमध्ये जायंट्सने त्याला पाचव्या नंबरवर घेतलं, बोनस ६२ लाख डॉलर. म्हणजे तीन वर्षांपूर्वी पन्नासावी फेरी आणि आता पहिल्या फेरीत पाचवा, मधे काय बदललं तर कॉलेज आणि पोझिशन. तरी थेट जायंट्समध्ये नाही गेला, जवळजवळ कोणीच जात नाही. २००९ ला इथेच आपल्या सॅन होजे जायंट्सकडून खेळला, मग फ्रेझ्नो (ट्रिपल-ए, मेजर लीगच्या लगेच खालची पायरी), आणि ११ सप्टेंबर २००९ ला डॉजर्सविरुद्ध पहिल्यांदा मेजर लीगमध्ये उतरला. मायनर लीग, म्हणजे ह्या खालच्या पायऱ्या, म्हणजे बसचे प्रवास आणि कमी पैसे. ज्याला बोनस मोठा मिळाला त्याचं ठीक आहे, बाकीच्यांचं फार वाईट चालायचं, २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला युनियन करार झाला तेव्हा कुठे ट्रिपल-ए मध्ये वर्षाला किमान ३५,८०० डॉलर झाले. सॅन होजेत ह्यात भाडं निघत नाही हे तुम्हाला सांगायला नको. मेजर लीगमध्ये किमान पगार २०२६ ला ७,८०,००० डॉलर. मधली दरी बघा. म्हणून डिग्रीचा विषय घरात आधी बोलून घ्या.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो २०१० चा भाग. एवढा नावाजलेला पोरगा, पण सीझनच्या सुरुवातीला परत फ्रेझ्नोला, कारण जायंट्सनी बेंजी मोलिना ह्या अनुभवी कॅचरबरोबर आणखी एक वर्षाचा करार केला होता. मे महिन्याच्या शेवटी वर बोलावलं तर पहिला महिनाभर बहुतेक फर्स्ट बेसला उभा केला. कॅचिंग मोलिनाच करत होता. हा काळ लोक विसरतात. कॅचरला स्वतःचे सगळे पिचर पाठ करावे लागतात, कोणाचा बॉल कसा वळतो, दडपणाखाली कोण काय टाकायला बघतो, कोणाला जाऊन दोन शब्द बोललेलं आवडतं आणि कोणाला नाही. टिम लिन्सिकम, मॅट केन असे जायंट्सचे मोठे पिचर, ते नुकत्याच कॉलेजातून आलेल्या पोराचं कशाला पटकन ऐकतील? मग जूनच्या अखेरीस मोलिनाला टेक्सास रेंजर्सकडे ट्रेड केलं आणि पोझी रोजचा कॅचर झाला. जुलैमध्ये सलग २१ सामन्यांत हिट. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल), समोर कोण तर टेक्सास आणि प्लेटमागे मोलिना! चौथ्या मॅचला पिचर मॅडिसन बमगार्नर २१ वर्षांचा आणि कॅचर पोझी २३ चा, दोघंही रुकी, म्हणजे नवखे, आणि जायंट्स ती मॅच ४-० जिंकले. जायंट्सना १९५४ नंतर पहिलं जेतेपद मिळालं, पोझीला रुकी ऑफ द इयर.

तुमचं पोरगं बेंचवर बसलं, दुसऱ्याच कुणाला कॅचर केलं म्हणून कोचशी भांडायला निघाला असाल तर हा परिच्छेद परत वाचा. तिथे बसून पिचर बघायचे असतात. आमच्याकडे मी मुलाला बेंचवर एक छोटी वही दिली होती, बॅटर कुठे मारतोय ते लिहायला, सुरुवातीला इतर पोरं हसायची, मग त्यातलेच दोघं-तिघं येऊन विचारायला लागले.

दुखापतीबद्दल खरं सांगतो कारण आयांचा पहिला प्रश्न तोच असतो. २५ मे २०११, मार्लिन्सविरुद्ध बाराव्या इनिंगमध्ये स्कॉट कझिन्स धावत आला आणि होम प्लेटवर पोझीला धडकला. पायाचं फिब्युला हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले, सीझन संपला. अशी धडक तेव्हा नियमात बसत होती. २०१४ पासून नियम बदलला, रनरने मुद्दाम वाट सोडून कॅचरला धडकायचं नाही आणि कॅचरने हातात बॉल नसताना वाट अडवायची नाही, लोक त्याला अजून पोझी रूलच म्हणतात. लहान मुलांच्या लीगमध्ये मुद्दाम धडकणं तसंही चालत नाही. तिथे खरा त्रास बोटांचा आणि गुडघ्यांचा. मिट नसलेला हात पाठीमागे किंवा पायामागे ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आणि ॲबडॉमन गार्ड, तो घरी विसरला तर प्लेटमागे बसू देऊ नका, मॅच गेली तरी चालेल.

परत आल्यावर २०१२ मध्ये .३३६ ॲव्हरेजने बॅटिंग टायटल, एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), आणि दुसरी वर्ल्ड सिरीज, ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. २०१४ ला तिसरी. २०२१ चा सीझन उत्तम खेळून अचानक रिटायर झाला, वय ३४, आणि सप्टेंबर २०२४ पासून जायंट्सचा बेसबॉल ऑपरेशन्सचा प्रमुख आहे. कॅचर लोक मॅनेजर वगैरे होतात त्याचं मला आश्चर्य वाटत नाही, सवयच असते सगळ्यांचं बघायची.

आता नवीन लोकांसाठी काही सुट्ट्या गोष्टी. गिअर पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, बहुतेक लीग टीमचा सेट देतात, फक्त मिट स्वतःचं चांगलं घ्या आणि घरी बॉल मारून मऊ करा, कडक मिटमध्ये बॉल राहत नाही आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. बारा वर्षांपर्यंतच्या लिटल लीगमध्ये बॉल बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, त्यामुळे त्या वयात थ्रोपेक्षा ब्लॉकिंगवर वेळ घालवा, पॉप टाइमचे व्हिडिओ नंतर. फ्रेमिंगवर महागडे क्लास विकणाऱ्यांपासून तर जरा लांबच राहा. मेजर लीगमध्ये २०२६ पासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला बॅटर, पिचर किंवा कॅचर टोपी-हेल्मेटवर टॅप करून चॅलेंज देऊ शकतात आणि मशीन निकाल देतं. म्हणजे पुढे झोनचा खरा अंदाज असणं आणखी महत्त्वाचं होणार.

आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी सॅन होजे जायंट्सच्या मॅचला जा, तिकीट जायंट्सपेक्षा खूप स्वस्त असतं, प्लेटमागच्या सीट घ्या आणि मुलाला सांगा की बॉल बघू नको, तीन इनिंग फक्त कॅचर बघ. आम्ही गेलो की बायको खायला आणायला जाते आणि आम्ही दोघं पुढचा पिच कुठला ते ओळखायची पैज लावतो, हल्ली तो जास्त जिंकतो. कुणाला यायचं असेल तर मेसेज करा, एप्रिलमध्ये सीझन सुरू होतो.