गुडघ्यावर अल्ट्रासाउंड घेताय? या चुका टाळा

"गरम लागत नाहीये, जरा वाढवा की!" गुडघ्याच्या झिजेसाठी अल्ट्रासाउंड, म्हणजे ध्वनिलहरींचा उपचार घेणारे हे हमखास म्हणतात. हे मशीन म्हणजे शेकाची पिशवी नव्हे. पल्स मोडमध्ये लहरी थांबून थांबून जातात, ऊब जवळजवळ जाणवत नाही. तिथे भरवसा असतो पेशींना बसणाऱ्या बारीक धक्क्यांवर. कूर्चेतल्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीतल्या पेशींच्या आवरणात पिएझो-1 नावाचं दार असतं. ताण आला की ते उघडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. हे दार शोधल्याबद्दल आर्डेम पटापुटियन यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. माफक ताणात या पेशी कूर्चा बांधणारं कोलॅजन बनवतात, अति ताणात त्याच पेशी कूर्चा कुरतडणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. म्हणून 'जास्त वॅट, जास्त गुण' हा हिशोब मला मान्य नाही.

गुण येत नसेल तर आधी जेल बघा. हवेतून ही लहर पुढे सरकतच नाही म्हटलं तरी चालेल. जेल कमी पडलं किंवा हेड (मशीनचा त्वचेवर फिरवायचा भाग) तिरकं धरलं की उपचार हवेतच राहतो. जेलऐवजी घरचा घट्ट पांढरा बाम तर नकोच. मशीनचा दिवा लागला म्हणजे लहर निघतेच असंही नाही. हेड वर करून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि क्षणभर चालू करायचं. थेंब थरथरले तर लहर आहे. किती आहे, हे मात्र कॅलिब्रेशनशिवाय, म्हणजे मशीनचं माप तपासून घेतल्याशिवाय कळत नाही.

हेड एका जागी धरू नये, हाडाच्या आवरणाला चटका बसतो. आत खोल ठणकलं की लगेच सांगा, सोसू नका. पाच मिनिटांत अख्खा गुडघा फिरवून काढणं म्हणजे नुसतं लिंपण; एका वेळी हेडच्या साधारण दुप्पट जागा पुरे. पेसमेकर, गरोदरपण, कर्करोग किंवा पायात रक्ताची गुठळी असेल तर आधीच सांगा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मशीनखाली पडून राहून व्यायाम बुडवणं. पुरावा पुरेसा नाही म्हणून उपचारांबद्दल शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2022 मध्ये संधिवातातल्या झिजेसाठी अल्ट्रासाउंड देऊ नका, असंच सांगितलं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. दाबली-सुटली की सांध्यातलं वंगण तिच्यात आत-बाहेर होतं, तेच तिचं पोषण. ही दाब-सूट चालण्यातून फुकट मिळते. चालवत नसेल तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, खाली दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा.