पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट अर्धाच का येतो? या चुका टाळा

प्रिंट स्क्रीन दाबलं, चित्र पेस्ट केलं आणि हाती आला पानाचा फक्त वरचा तुकडा. लॅपटॉप बिघडलेला नाही. विंडोजवरचं विंडोज + शिफ्ट + एस असो की मॅकवरचं कमांड + शिफ्ट + ५, दोन्ही पडद्यावर दिसतंय तेवढंच टिपतात. फोनवर लांब स्क्रीनशॉट निघतो, म्हणून लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये तसलंच बटण धुंडाळत बसू नका. वेबपानासाठी ते काम ब्राउझर करतो.

फायरफॉक्समध्ये पानावर राइट क्लिक करून 'टेक स्क्रीनशॉट' आणि मग 'सेव्ह फुल पेज'. एजमध्ये कंट्रोल + शिफ्ट + एस आणि 'कॅप्चर फुल पेज'. क्रोममध्ये वाट थोडी वाकडी आहे: कंट्रोल + शिफ्ट + आय दाबून डेव्हलपर टूल्स उघडा, त्या पॅनेलमध्ये एकदा क्लिक करा, मग कंट्रोल + शिफ्ट + पी दाबून 'स्क्रीनशॉट' हा शब्द इंग्रजीत टाइप करा. भलतीच प्रिंटची खिडकी उघडली, तर क्लिक पॅनेलऐवजी पानावर झालेलं असतं. यादीत दिसायला सारखे बरेच पर्याय येतात. घाईत नुसतं 'कॅप्चर स्क्रीनशॉट' निवडलं की पुन्हा अर्धंच पान. हवा असतो तो 'कॅप्चर फुल साइझ स्क्रीनशॉट'. पीएनजी फाइल थेट डाउनलोड्समध्ये जाते.

इथवर जमूनही चित्र बिघडतं. तेव्हा ते नेमकं कसं बिघडलंय ते आधी पाहा, कारण लांब स्क्रीनशॉट दोन तऱ्हांनी बनतो. ब्राउझर अख्खं पान एकदम रंगवतो. बरीच एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायची छोटी जादा सॉफ्टवेअर) आणि शेअरएक्ससारखी सॉफ्टवेअर मात्र पान सरकवत तुकडे टिपतात आणि मग जोडतात. दोन्हींचे आजार वेगळे.

वरची पट्टी पुन्हा पुन्हा उमटते. हा जोडकामाचा आजार. मेन्यूची पट्टी पडद्याला चिकटून राहते, त्यामुळे ती प्रत्येक तुकड्यात येते. हलती जाहिरात असली तर सांधेही चुकतात. एक्स्टेन्शन बदलत बसण्यापेक्षा ब्राउझरची सोय वापरा. कुकीची सूचना किंवा चॅटचा गोळा मात्र तिथेही मजकुरावर बसतो. त्यावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' करा आणि कोडमधली निळी झालेली ओळ डिलीट करा. अडथळा गेला नाही, तर तिच्या वरची ओळ निवडून पाहा. साइटला काहीही होत नाही, पान रिफ्रेश केलं की सगळं जागच्या जागी.

चित्रांच्या जागी करडे चौकोन. अनेक साइट्स खालची चित्रं तुम्ही तिथवर पोचल्यावरच मागवतात. म्हणून आधी स्पेसबार दाबत, प्रत्येक टप्प्यावर जरा थांबत तळापर्यंत जा, मग वर येऊन स्क्रीनशॉट घ्या. एंड बटणाने थेट तळ गाठलात तर मधली चित्रं राहूनच जातात. खाली जाईल तसं वाढतच राहणारं पान असेल, तर 'पूर्ण पान' असं काही नसतंच. हवं तिथवर सरकवा आणि तेवढंच टिपा.

'फुल साइझ' निवडूनही एकच पडदाभर येतं. सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार हाच. मेल, चॅट, डॅशबोर्ड अशा ठिकाणी मूळ पान पडद्याएवढंच असतं, सरकतो तो आतला कप्पा. ओळखायची खूण सोपी आहे: स्क्रोलबार खिडकीच्या कडेला वरपासून खालपर्यंत नसून मधल्या भागाला चिकटलेला दिसतो. उपाय म्हणजे पडदाच उंच असल्याचं भासवायचं. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये कंट्रोल + शिफ्ट + एम दाबा, वर 'रिस्पॉन्सिव्ह' निवडा आणि रुंदी १२८०, उंची ५००० भरा. बहुतेक वेळा कप्पा तेवढा लांब होतो. आतला मजकूर येऊ द्या आणि मग टिपा. उंची कमी पडली तर वाढवा. हा आकडा ९९९९ पर्यंत जातो.

खाली पोचल्यावर पान पुन्हा वरून सुरू होतं, किंवा नुसतं कोरं. क्रोममध्ये चित्राची उंची १६,३८४ पिक्सेलच्या पुढे गेली की असा गोंधळ होतो. रेटिनासारख्या, म्हणजे दाट पिक्सेलच्या पडद्यावर पानाच्या एका पिक्सेलला उभ्या दिशेने दोन लागतात, म्हणजे मर्यादा ८,१९२ वरच संपते. त्याच रिस्पॉन्सिव्ह पट्टीतल्या तीन टिंबांच्या मेन्यूतून 'डिव्हाइस पिक्सेल रेशो' दाखवून तो १ करा. तरी पुरत नसेल, तर सरळ दोन-तीन भागांत घ्या.

लॅपटॉपवर घेतलं आणि फोनसारखं आलं. डेव्हलपर टूल्स उजवीकडे उघडली की पान अरुंद होतं आणि साइट मोबाइलची मांडणी दाखवते. पॅनेल खाली किंवा वेगळ्या खिडकीत न्या. कंट्रोल + ० दाबून झूमही १०० टक्क्यांवर आणा.

चित्र नीट आलं आणि पाठवल्यावर अक्षरं पुसट झाली, तर दोष स्क्रीनशॉटचा नाही. चॅट अ‍ॅप्स फोटो आकसून पाठवतात, तेव्हा तो डॉक्युमेंट म्हणून जोडा. मजकूर असलेलं चित्र जेपीजीत बदलू नका, अक्षरांभोवती धूळ बसल्यासारखी दिसते.

पाठवण्यापूर्वी अख्खं चित्र वरून खाली एकदा वाचा. लांब स्क्रीनशॉटमध्ये पडद्यावर कधी न पाहिलेलंही येतं: कोपऱ्यातला ईमेल, तळाशी खाते क्रमांक. असं झाकताना भरीव काळा चौकोन वापरा. अर्धपारदर्शक मार्करखालचे आकडे उजेड वाढवला की वाचता येतात.

पावती, ऑर्डर, लांब लेख असं काही जपून ठेवायचं असेल, तर मुळात चित्र कशाला? कंट्रोल + पी दाबून पीडीएफ सेव्ह करा. मजकूर शोधता येतो, कॉपीही होतो. रंग गायब दिसले तर प्रिंटच्या जादा पर्यायांत 'बॅकग्राउंड ग्राफिक्स'वर टिक करा. पानांच्या तुकड्यांचा वैताग असेल आणि हाताशी मॅक असेल, तर सफारीच्या फाइल मेन्यूतलं 'एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ' सगळं एकाच सलग पानावर देतं.