सांडपाण्याच्या गाळातून वीज : १० एमएलडी केंद्राची मांडणी

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला गाळ डायजेस्टर या बंद टाकीत हवेविना कुजवला की मिथेन असलेला गॅस मिळतो आणि त्यावर इंजिन चालवून वीज होते. १० एमएलडी म्हणजे दिवसाला एक कोटी लिटर सांडपाणी. पण कागदावरच्या क्षमतेवर विसंबू नका, आधी नाला मोजा. मराठवाड्यातल्या अनेक शहरांत नळाला आठवड्यातून एखाद-दोनदाच पाणी येते. पाळीच्या दिवशी नाला भरून वाहतो, एरवी तळाला नुसता गाळ सरकत असतो. म्हणून सगळ्या भागांची एक पूर्ण पाळी फिरेपर्यंत दर तासाला प्रवाह मोजा, सोबत नमुने घ्या. घरोघरी सेप्टिक टँक असतील तर मैल्यातला बराच कस तिथेच संपलेला असतो. गॅसचा अंदाज त्या मानाने खाली आणा.

गॅस हवा असेल तर प्राथमिक क्लॅरिफायर, म्हणजे गाळ तळाला बसवणारी पहिली टाकी, लागतोच. एसबीआर (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणे आणि गाळ बसवणे) पद्धतीच्या केंद्रांत तो बहुधा नसतो आणि गाळ हवेच्या टाकीतच बराचसा जिरतो. अशा केंद्राने डायजेस्टरच्या खर्चात न पडता सरळ सौर पॅनल बसवावेत.

आता हिशेब. दर एमएलडीला साधारण २०० किलो कोरडा गाळ धरला तर दिवसाला २,००० किलो होतो. त्यात कुजणारा भाग ६५-७० टक्के, आणि तीनेक आठवड्यांत त्याचा निम्मा कुजतो. कुजलेल्या दर किलोला ०.८५ घनमीटर धरला की रोज ५५०-६०० घनमीटर गॅस मिळतो. इंजिनातून घनमीटरला २ युनिट, म्हणजे ११०० युनिट. अशा केंद्राला रोज २,००० युनिट लागतात असे धरा; निम्म्याहून थोडी जास्त वीज गाळ देतो.

हा सगळा हिशेब एका आकड्यावर उभा आहे : गाळाचा घट्टपणा. ५ टक्के घट्ट (शंभर किलोत पाच किलो कोरडा) गाळ रोज ४० घनमीटर भरतो. ९०० घनमीटरच्या डायजेस्टरमध्ये तो २२ दिवस राहतो. तोच गाळ अडीच टक्केच घट्ट आला तर ८० घनमीटर होतो आणि ११ दिवसांत बाहेर पडतो. मिथेन बनवणारे जिवाणू इतक्या वेगाने वाढत नाहीत, ते गाळाबरोबर वाहून जातात. शिवाय दुप्पट पाणी ३५ अंशांपर्यंत तापवावे लागते ते वेगळेच. डायजेस्टर बिघडला म्हणून तक्रार येते तेव्हा आधी थिकनर, म्हणजे गाळ घट्ट करणारी टाकी, पाहावा.

क्लॅरिफायरच्या तळातून गाळ काढायची पद्धतही इथेच महत्त्वाची. शिफ्टला एकदा दोन तास पंप चालवला की तळाच्या गाळाला भोक पडते आणि वरचे पाणी ओढले जाते. त्यापेक्षा दर तासाला ५-७ मिनिटे पंप चालवा. नमुन्याच्या नळाखाली बादली धरा : आधी दाट, तपकिरी गाळ गोळ्यागोळ्यांनी पडतो, मग एकदम करड्या पाण्याची पातळ धार लागते. धार बदलली की त्या क्षणी पंप बंद.

बांधकामाचे एवढेच सांगतो : काळ्या मातीवर पाया नको. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदा.

सुरू करताना डायजेस्टर पाण्याने भरा आणि शेणाची स्लरी घाला. स्लरी जाळीतून गाळूनच घ्या. काड्या-कडबा गेला तर वर जाड साय धरते. तापमान रोज एक अंशाने वाढवत ३५ वर आणा, पुढे इंजिनाच्या कूलिंगचे गरम पाणी त्यासाठी पुरते. परभणीकडच्या थंडीत पाइपांना इन्सुलेशन हवेच. पहिल्या आठवड्यात पूर्ण गाळाच्या १० टक्केच भरा, मग आठवड्याला थोडा थोडा वाढवा. सुरुवातीच्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते. ५ ते १५ टक्के मिथेनचे हवेतले मिश्रण स्फोटक असते, म्हणून ऑक्सिजन मोजल्याशिवाय फ्लेअर (जादा गॅस जाळायची नळी) पेटवू नका.

डायजेस्टरमधले आम्ल आणि अल्कलिनिटी (आम्ल मारण्याची क्षमता) यांचे गुणोत्तर ०.३ च्या खाली ठेवा. ०.४ च्या वर गेले की डायजेस्टर आंबायला लागला. गाळ भरणे थांबवा, ढवळणे आणि तापमान चालू ठेवा, गरज पडली तर खायचा सोडा थोडा थोडा द्या. चुना घाईने टाकला तर तो गॅसमधला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि बंद छताखाली निर्वात पोकळी तयार होऊन छताला धोका होतो. बरा डायजेस्टर काळा, डांबरासारख्या वासाचा गाळ देतो. आंबलेल्याचा रंग करडा आणि वास आंबट.

इंजिनाआधी हायड्रोजन सल्फाइड काढा, नाहीतर तेल लवकर काळे होते आणि बेअरिंग खाल्ली जातात. गंजलेल्या लोखंडाच्या किसाचा स्क्रबर (गॅस शुद्ध करणारे भांडे) चालतो. वापरलेला कीस बाहेर काढण्याआधी भिजवा; कोरडा असताना हवा लागली तर तो तापून पेटतो. पाइपाच्या प्रत्येक खोलगट जागी गॅसमधले पाणी धरून बाहेर काढणारा ट्रॅप हवा.

उरलेल्या ९०० युनिटसाठी किलोवॅटला दिवसाला ४ युनिट या हिशेबाने २२५ किलोवॅटचे पॅनल, जागा एकरभर. दिवसा सौर वीज वापरा, गॅस ३०० घनमीटरच्या होल्डरमध्ये साठवा आणि रात्री ८० किलोवॅटचे इंजिन चालवा. साधा सौर इन्व्हर्टर ग्रिड गेली की बंद पडतो, त्यामुळे लाइट गेल्यावर इंजिनाने त्याला आधार देण्याची जोडणी आधीच करून घ्या.

टाकीत कुणीही नाकाच्या भरवशावर उतरू नये. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू १०० पीपीएमच्या (दहा लाख भाग हवेत १०० भाग) आसपास गेला की वास येणेच बंद होते.