हिरोशिमा दिनाचं प्रदर्शन: नकाशा, पट्टी आणि आकडे

हिरोशिमावरचं शाळा-कॉलेजातलं प्रदर्शन बहुतेक वेळा विमान, बॉम्ब आणि ढग या तीन चित्रांतच उरकतं. माणसं येतच नाहीत. ती आणायची तर अंतर आणि काळ, दोन्ही भिंतीवर मोजून दाखवावे लागतात. सामान पुण्यात अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळतं.

आधी नकाशा. पुण्याच्या मध्यवस्तीचा, १:१०,००० प्रमाणात, ए-टू कागदावर घ्या. १ सेंमी म्हणजे १०० मीटर. प्रिंटवाल्याकडे ‘फिट टू पेज’ चालू राहिलं की नकाशा आक्रसतो आणि पुढचं सगळं गणित चुकतं. म्हणून हातात आलेल्या प्रिंटवर १ किमीची मापपट्टी फूटपट्टीने मोजा; बरोबर १० सेंमी भरली तरच पुढे जा.

केंद्र शनिवारवाडा धरा. वर्तुळ दोरीने काढू नका, दोरी ताणली जाते. पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडून टाचणीवर फिरवा. पहिली त्रिज्या १२ सेंमी: हिरोशिमात एवढ्या अंतरातली सुमारे निम्मी माणसं त्याच दिवशी गेली. दगडूशेठ, तुळशीबाग, मंडई, सगळं यात येतं. दुसरी त्रिज्या २० सेंमी: इथवरच्या जवळपास सगळ्या इमारती पडल्या किंवा जळाल्या. डेक्कन, फर्ग्युसन, ससून आत. स्वारगेट आणि पुणे स्टेशन जेमतेम बाहेर. आता केंद्रावर ६ सेंमी उंचीची विणकामाची सुई उभी करून टोकाला मणी लावा. बॉम्ब जमिनीवर नाही, सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, हे वाचून कळत नाही. या मण्याकडे पाहिलं की कळतं.

मोठ्या वर्तुळातले दवाखाने लाल टिकल्यांनी दाखवा. हिरोशिमात स्फोट शिमा हॉस्पिटलच्या जवळपास डोक्यावरच झाला आणि शहरातले सुमारे ९० टक्के डॉक्टर-नर्स मेले किंवा जखमी झाले. ‘पुण्यात इतके मरतील’ असा आकडा मात्र लिहू नका. तिथली घरं लाकडी होती, इथली वस्ती वेगळी. नकाशा अंतर दाखवतो, भाकीत करत नाही.

मग काळाची पट्टी. प्रदर्शनाचा खरा जीव हाच. चार्ट पेपर जोडून अडीच मीटर लांब पट्टी करा, एका महिन्याला २ सेंमी. सुरुवातीला ६ ऑगस्ट १९४५, सकाळी ८:१५ (आपल्या आजच्या घड्याळात पहाटे ४:४५). पहिल्या २ सेंमीतच किरणोत्सर्गामुळे केस गळणं, अंगावर जांभळे डाग, रक्तस्राव. ४८ सेंमीच्या आसपास, म्हणजे दोनेक वर्षांनी, रक्ताचा कर्करोग वाढू लागतो. १४४ ते १९२ सेंमीदरम्यान तो सर्वाधिक. २४५ सेंमीवर सदाको सासाकी: स्फोटाच्या वेळी दोन वर्षांची, २५ ऑक्टोबर १९५५ला बाराव्या वर्षी याच आजाराने गेली.

आकडा लिहिताना हमखास घोटाळा होतो. १ लाख ४० हजार (दहा हजार कमी-जास्त) मृत्यू हा त्या दिवसाचा आकडा नाही, डिसेंबर १९४५ अखेरपर्यंतचा आहे. म्हणजे पट्टीचे पहिले १० सेंमी! तेवढा भाग वेगळ्या रंगाने रंगवा. या मृतांत जपानने आणलेले कोरियन मजूरही होते, आणि आग पसरू नये म्हणून घरं पाडायच्या कामाला लावलेली सुमारे सहा हजार शाळकरी मुलं-मुली. बरीचशी सातवी-आठवीच्या वयाची.

नागासाकी त्याच भिंतीवर घ्या. तिथे बॉम्ब पडला ९ ऑगस्टला, आणि त्या दिवशी हॉल क्रांतिदिनासाठी गेलेला असतो. मूळ लक्ष्य कोकुरा शहर, ते नीट दिसेना म्हणून विमान इकडे वळलं. बॉम्ब हिरोशिमाहून मोठा होता, तरी डोंगरांच्या आडोशाने शहराचा काही भाग वाचला. वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४ हजार मृत्यू. हिरोशिमाचा बॉम्ब युरेनियमचा, हा प्लुटोनियमचा. तांत्रिक माहिती एवढी पुरे.

फोटो निवडताना ढगाच्या बुडाशी जहाजं दिसली तर तो पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवरचा १९४६चा चाचणीस्फोट समजा. नेटवर तो सर्रास हिरोशिमा म्हणून फिरतो. त्या दिवशी खुद्द शहरात काढलेले छायाचित्रकार योशितो मात्सुशिगे यांचे पाचच फोटो उरलेत. त्यांना मोठी जागा द्या. भाजलेल्या माणसांचे जवळून घेतलेले फोटो पाचवीच्या खालच्या मुलांच्या वाटेवर नकोत, पडद्यामागे लावा.

ऑगस्टात भिंती ओल धरतात. डबल टेप रात्रीत सुटतो आणि इंकजेट प्रिंटची शाई पसरते. लेझर प्रिंट घ्या, सनबोर्डवर चिकटवा आणि दोरीला क्लिपांनी टांगा. अडीच मीटरच्या पट्टीला दर ३० सेंमीवर एक क्लिप, नाहीतर मधोमध झोळ पडतो.