सगळेच सारखे? मग आधी फॉर्म 26 काढा

तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. निवडणूक आली की गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, सगळे एकाच माळेचे मणी!" मी त्याला म्हणते, बसा, आधी कागद बघू.

प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं, फॉर्म 26. निवडणूक आयोगाच्या साइटवर ते फुकट मिळतं. शिक्षणाचा रकाना मी शेवटी बघते, त्यावरून माणूस कळत नाही. गुन्ह्यांची पानं मात्र सावकाश वाचा. नुसता आकडा मोजू नका, कलम बघा. पाण्यासाठी रस्ता अडवला म्हणून झालेली केस आणि बाईमाणसावर हात टाकल्याची केस एका तराजूत घालता येत नाही. आरोप निश्चित झालेत का, शिक्षा झाली आहे का, हेही तिथंच लिहिलेलं असतं.

मग मागच्या निवडणुकीचं शपथपत्र काढून शेजारी ठेवा. जमीन किती होती, किती झाली? पाच वर्षांचं उत्पन्नही त्यातच असतं. त्यात ती वाढ बसते का? मी पेन्सिलीनं खुणा करते.

विद्यमान आमदार असेल तर त्यानं विधानसभेत कोणते प्रश्न विचारले तेही शोधा.

नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण, 2013 पासून आहे, पण विधानसभेला नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांतला पहिलाच निवडून येतो. म्हणून मी नको त्यांच्या नावांवर काट मारत जाते, आणि उरेल त्याचं बटण दाबते.