रिकाम्या नकाशावर माणसं कशी आणायची

नकाशावर जागेनुसार नोंदी लिहायची वेबसाइट मी घरीच बनवली आणि पहिल्याच दिवशी अख्खा महाराष्ट्र उघडला. तिथेच चुकलो. नकाशा ओसाड दिसला की माणूस पुन्हा फिरकत नाही. म्हणून आधी एकच तालुका धरा.

मी अमळनेर धरलं. साने गुरुजी शिकवायचे ते प्रताप हायस्कूल, बोरी नदीचं पात्र, सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा अशा चाळीसेक नोंदी स्वतः हिंडून लिहिल्या. एवढं केल्याशिवाय कुणाला बोलावूच नका.

मग साइट दुसऱ्याच्या हातात देऊन गप्प बसा. रसवंतीवाल्या भाऊंना मी फोन दिला. पान उघडताच लोकेशनची परवानगी विचारली गेली. त्यांनी रसाचे हात पुसले, ‘नको’ दाबलं आणि फोन परत दिला. त्या रात्रीच बदल केला: वाचायला लॉगिन नको, परवानगी फक्त ‘माझ्या जवळचं’ बटण दाबल्यावर. साइट एचटीटीपीएसवर (पत्त्याच्या सुरुवातीला https असलेल्या सुरक्षित जोडणीवर) नसेल तर ब्राउझर लोकेशन देतच नाही, हे आधी तपासा. जीपीएस चुकतं, म्हणून पिन हाताने सरकवता आली पाहिजे. घराचं नेमकं ठिकाण मात्र कधीच दाखवू नका.

प्रत्येक नोंदीला वेगळी लिंक, शीर्षकात गावाचं नाव. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुखपृष्ठ नको, त्याच गावची नोंद टाका. आणि ‘लिहा’ म्हणण्यापेक्षा नेमकं विचारा: यंदा भरीत पार्टी कुणाच्या मळ्यात? अहिराणीत उत्तर आलं तर तसंच राहू द्या.